मुकादमाची सोबत

शेकोटी जरा मोठी करा, मग सांगतो. आणि ज्याला घरी जायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. अर्ध्यावरनं कुणी उठलेलं मला चालत नाही. मग त्याला सोडायला मी येणार नाही.

तुमच्यातलं कुणी हसकेलला जवळनं ओळखत नसेल. भरे गावातल्या कंपनीत आम्ही सतरा वर्षं एकाच पाळीला होतो. तो फिटर, मी स्टोअरला. राहायला इथंच, कासार आंबोलीत. धर्मानं येहुदी. आपली जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. हसकेलचे पणजोबा कोकणातून ताम्हिणीचा घाट चढून वर आले आणि आता धरण आहे त्याच्या काठी, माले गावात, त्यांनी तेलाचा घाणा टाकला. शनिवार आला की घाणा बंद, बैल मोकळे, घरात चूलसुद्धा पेटायची नाही. म्हणून शनवार तेली. बाकी बोलणं आपलंच, भाकर-कालवण आपलंच. देव मात्र एक, आणि त्याला मूर्ती नाही.

एके काळी माल्याला त्यांची चौदा घरं होती. गावाबाहेर एक बसकं, कौलारू प्रार्थनेचं घर, आणि त्याच्या मागं दगडी भिंत घातलेलं कब्रस्तान. मग कुणी इस्रायलला गेलं, कुणी ठाण्याला, कुणी पुण्याला. शेवटी तिथं एकच घर राहिलं आणि त्या घरात एकच माणूस. एलोजी मुकादम. मजुरांचा मुकादम नव्हे बरं का. जमातीचा मुकादम. लग्नाला हो म्हणायचं का नाही, कुणाला जमातीत धरायचं, कुणाला कुठं पुरायचं, शेवटचा शब्द त्याचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठीसारखा ताठ. बोलण्याआधी घसा खाकरायचा. तो खाकरला की समोरच्यानं गप्प बसायचं, अशी रीतच पडलेली.

हसकेलकडं दर शुक्रवारी एक काम असायचं. प्रार्थनेच्या घरातल्या दिव्याला खोबरेल आणि शनिवारच्या सरबताला काळे मनुके, एवढं घेऊन माल्याला जायचं. पायरीवर पिशवी ठेवायची, गाडीच्या किल्लीनं कडी दोनदा वाजवायची आणि म्हातारा दाराशी यायच्या आत गाडी वळवायची. साडेपाच वर्षं हे असंच चाललेलं. साडेपाच वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "एवढा राग आहे तर जातोस कशाला?"

तर म्हणाला, "शिपोरा म्हणती, त्येल देवाचं हाय, त्याचं न्हाई."

सिपोरा म्हणजे त्याची बायको. तो शिपोराच म्हणायचा.

आता राग कशाचा, ते ऐका. हसकेलला एकच मुलगी, मिल्का. तिनं भऱ्याच्या कैलासशी लग्न केलं, पोरगा आपल्यातला, मराठ्याचा. चांगला पोरगा, कष्टाळू. तीन वर्षं संसार झाला आणि दोन हजार अठराच्या ऑगस्टमध्ये मिल्का डेंग्यूनं गेली. सव्वीस वर्षांची. जाताना एवढंच म्हणाली होती, मला आजीजवळ ठेवा. आजी माल्याच्या कब्रस्तानात. कैलासलाही तोच ताप, दवाखान्यातल्या खाटेवरनंच त्यानं हात जोडले. "तिची इच्छा हाय, मामा. न्या तिला."

पहाटे टेम्पो माल्यात पोचला. पाऊस धो धो. सिपोरा चक्कर येऊन पडलेली, तिला मुकादमाच्या शेजारच्या नथूच्या घरात निजवलं. कबर खणायला माणसं गोळा करायची होती, आणि ती हसकेलनंच करायची होती. पण त्यांच्यात एक नेम आहे. मयत मातीआड होईपर्यंत एकटं सोडायचं नाही. एक माणूस तरी जवळ बसलेला पाहिजे. बायको बेशुद्ध, नथू माणसं बोलवायला बरोबर हवा, दुसरं माणूस नाही. हसकेल मुकादमाच्या दारात गेला.

"मुकादम, तासभर पोरीजवळ बसा. दुसरं काय मागत न्हाई."

मुकादम ओसरीवर उभा होता. घसा खाकरला.

"जी भाईर गेली, ती भाईर. तिच्याजवळ बसाया माझं काय काम?"

आणि दार लावून घेतलं.

तासाभरानं हसकेल माणसं घेऊन परत आला, तेव्हा टेम्पोची ताडपत्री एका कोपऱ्यातनं सुटून फडफडत होती. ड्रायव्हर लांब टपरीवर. मिल्काचे केस भिजलेले. हसकेलनं खांद्यावरच्या पंच्यानं ते पुसले. हे सांगताना त्याचा हात हवेत तसाच फिरायचा.

भिंतीच्या आत जागा मिळाली नाही. कब्रस्तानाच्या दाराची किल्ली मुकादमाकडं, आणि त्यानं ती दिली नाही. भिंतीच्या बाहेर, भिंतीपासून तीन हातांवर मिल्काला पुरलं. आजी आत, नात बाहेर.

तर असा तो राग.

बारा जानेवारी, दोन हजार चोवीस. वार शुक्रवार. आदल्या दिवशी अवस झालेली. थंडी अशी की दुपारी चारलासुद्धा कानाला बोचायची. हसकेलची पहिली पाळी सुटली, त्यानं पिरंगुटला मनुके घेतले, खोबरेलाची बाटली घेतली आणि गाडी माल्याच्या रस्त्याला घातली. सव्वापाचला तो मुकादमाच्या दारात होता. पिशवी पायरीवर ठेवली. किल्लीनं कडी वाजवायला हात पुढं केला, तर दार नुसतं लोटलेलं. हाताच्या धक्क्यानं आत गेलं.

मुकादम बाजेवर उताणा पडला होता. डोळे अर्धे उघडे. दाढी वर झालेली.

हसकेल उंबऱ्यात किती वेळ उभा होता त्याला सांगता आलं नाही. मग तो आत गेला आणि हात लावून पाहिलं. हात गार. बगल अजून कोमट.

त्यानं पुण्याला फोन लावला. तिथल्या जमातीचे कारभारी बेंजामिन म्हणून होते.

"मुकादम गेला."

"कधी?"

"दुपारी कवातरी. आत्ता बघितलं."

तिकडून बेंजामिन म्हणाले, "हसकेल, साडेपाच वाजले. शब्बाथ लागतोय. आज काही करता येणार नाही, उद्याही नाही. रविवारी पहाटे आम्ही नऊ जण गाडी करून येतो. तू दहावा. दहा पुरुष झाले की प्रार्थना करू आणि दफन करू."

"आन तवर?"

"तोवर तू बस त्यांच्याजवळ."

"मी न्हाई बसणार."

"हसकेल..."

"तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक आहे मला. पण तिथं दुसरं आहे कोण?"

त्यानं फोन ठेवला आणि सिपोराला लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बसा. आपण त्याच्यासारखं करायचं न्हाई."

बसला मग. नथूला हाक मारली. दोघांनी म्हाताऱ्याला बाजेवरून उचलून खाली चटईवर ठेवलं, पाय दाराकडं केले, डोळे मिटले, पांढरी चादर तोंडावरून ओढली. हसकेलनं उशापाशी तेलाचा दिवा लावला. सूर्य अजून होता. शुक्रवारचा दिवस मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवार, लागतो. मग त्यांना विस्तव पेटवता येत नाही, विझवता येत नाही, बटणसुद्धा दाबायचं नाही. दिवा लावला तो लावला. गेला तर गेला.

त्यानं फोन बंद करून फडताळात ठेवला. बाहेर धरणावरून धुकं वर यायला लागलं होतं.

नथू दहापर्यंत सोबतीला बसला. घोंगडी पांघरून, भिंतीला टेकून. म्हणाला, "तीस वर्षं झाली शेजार हाय. शनवारी सकाळी ह्याची चूल मीच पेटवून द्यायचो. पन कधी 'बस' म्हनला न्हाई गडी. आन आज बघ, त्याच्याच घरात बसलोय."

दहाला नथूच्या पोरानं बाहेरनं हाक मारली. म्हैस व्यायला झाली होती. नथू उठला, घोंगडी तिथंच टाकली, चादरीकडं न बघता हात जोडले. "येतो रं. काय लागलं तर हाक मार," म्हणाला आणि गेला.

आता हसकेल एकटा. पुढ्यात म्हातारा. मयताजवळ बसणाऱ्यानं दाविदाची स्तोत्रं म्हणायची असतात. पुस्तक कोनाड्यात होतं. त्यानं काढलं नाही. त्याला पाठ होती, तीही म्हटली नाहीत. नुसता बसून राहिला. चादरीखालचं नाक वर आलेलं दिसायचं. दिवा हलला की ते नाक भिंतीवर हलायचं.

अकरा वाजले. बारा वाजले. म्हशीचं ओरडणं थांबलं. थंडी चटईतनं वर यायला लागली. साडेबाराला दिव्याची वात बसली. एकदा मोठी झाली... आणि गेली.

काळोख. अवसेच्या दुसऱ्या दिवसाचा काळोख. स्वतःचा हात दिसेना.

आणि काळोखात हसकेलला बोलता यायला लागलं. उजेडात साडेपाच वर्षं जमलं नव्हतं ते. आयुष्यात पहिल्यांदा तो मुकादमाला अरे-तुरे बोलला.

"ऐकतोस नव्हं? ऐक. माझी पोर टेम्पोत भिजत पडली व्हती. मी तासभर मागितला व्हता तुझ्याकडं. तास. तू दार लावलंस. मी भाईरनं कडी वाजवत बसलो आन तू आत दिव्यात त्येल घालत बसलास. दर शुक्रवारी तुझ्यासाठी मनुके आणताना मला काय वाटायचं ठाऊक हाय? वाटायचं, आज दारात मरून पडलेला दिसावास. आज दिसलास. तर आता मी काय करू? बसू तुझ्याजवळ? रातभर? उद्या दिवसभर?"

तो उठला. पाय बधिर झालेले, भिंत धरून उठला.

"ती एकटी पडली व्हती. तू बी पड."

चौकटीला त्यांच्यात एक लहानशी नळी ठोकलेली असते, आत देवाचं वचन. येता-जाता तिला बोटं लावून ओठाला लावायची. हसकेलनं बोटं लावली नाहीत. दार ओढलं, बाहेरून कडी घातली. शनिवार लागलेला, गाडीला हात लावायचा नाही. त्यानं किल्ली फिरवली आणि किक मारली. गाडीच्या दिव्याच्या उजेडात घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं.

पप्पू, ते लाकूड आत सार. धूर डोळ्यात येतोय.

माल्याचा फाटा मागं पडला. रस्ता रिकामा. दोन्हीकडं धुकं, मध्ये गाडीचा पिवळा उजेड. हसकेल सांगायचा, तेव्हा भीती अशी नव्हतीच. उलट छाती मोकळी झाली होती. गाणं म्हणावं असं वाटत होतं.

मग मुळा नदीच्या कडेचं ते वळण आलं, जिथं रस्ता पाण्याला लागून जातो. तिथं गाडी मागून खाली बसली.

कुणी चालत्या गाडीवर टेकावं तशी. हळू. आधी थोडी, मग पूर्ण.

त्याला वाटलं टायर गेला. थांबला. उतरून चाक दाबून पाहिलं. टणक. पुन्हा बसला, गाडी चालू केली. वीस-पंचवीस पावलं गेली असेल. पुन्हा बसली.

आता त्यानं गाडी थांबवली नाही.

हँडल हलकं झालं होतं. ओझं मागं असलं की होतं तसं. वळणावर ओझं उलट्या बाजूला झुकायचं, गाडीवर बसायची सवय नसलेला माणूस झुकतो तसं. मुकादम जन्मात कधी मोटारसायकलवर बसला नव्हता.

पाठीला काही टेकलं नव्हतं. हात नाही. श्वास नाही. नुसतं वजन.

हसकेल आरशात बघेना. आरसा होता, उजवीकडचा. त्यानं मान ताठ धरली. रस्ता बघत राहिला. रस्ता. पांढरी पट्टी. रस्ता.

आणि मागून... अगदी कानाच्या मागून...

घसा खाकरला.

पौडच्या अलीकडं नाकाबंदी लागली होती. आडवी दोन बॅरिकेड, मफलर गुंडाळलेला एक हवालदार. माणूस दिसला म्हणून हसकेलला रडू यायचं बाकी राहिलं. त्यानं गाडी थांबवली. पाय खाली टेकले. त्याचे दोन.

हवालदारानं बॅटरी तोंडावर मारली. "कुटनं?"

"माल्यावरनं."

"एवढ्या रातचं?"

"घरी चाललोय. आंबोलीला."

बॅटरी तोंडावरून बाजूला गेली. मागं गेली. तिथंच थांबली.

"ह्ये प्यालेलं हाय का?"

"कोण?"

"ह्येच की, मागचं."

हसकेलनं मान वळवली नाही.

"नीट धरून बसाया सांगा म्हाताऱ्याला," हवालदार म्हणाला. "आन पाय वर घ्या म्हनावं. कवापासनं घासत आनलेत रस्त्याला."

त्यानं बॅरिकेड सरकवलं.

हसकेल पुढं गेला. पौडच्या चौकात आला. दुकानं बंद, एक दिवा. इथून आंबोली पंधरा मिनिटं. सिपोरा जागी असणार. गाडीचा आवाज ऐकून दार उघडणार. उघडून बघणार... आणि तिला काय दिसणार?

ते त्याला सोसेना. ज्यानं तिची पोर भिजत ठेवली, त्याला आपल्याच गाडीवर बसवून आपण तिच्या दारात न्यायचं. नाही. काही झालं तरी नाही.

त्यानं चौकात गाडी वळवली.

नाकाबंदीपाशी हवालदार उभाच होता. या वेळी बॅटरी मारली नाही. लांबूनच बॅरिकेड सरकवलं. आणि गाडी जवळून जाताना तोंड फिरवून उभा राहिला.

परतीची वाट हसकेलला आठवत नव्हती. एवढंच आठवत होतं, की मागं आवाज येत होता. डांबरावर काहीतरी घासत येतंय असा. गाडी हळू केली की हळू. जोरात केली की जोरात.

मुकादमाचं घर. कडी होती तशीच. बाहेरून. त्यानं घातलेली.

"उतर," हसकेल म्हणाला.

गाडी वर झाली नाही.

"उतर म्हंतो. आलं तुझं घर."

काही नाही. मग... घसा खाकरला. बोलायच्या आधी खाकरायचा तसा. हसकेल वाट बघत राहिला. आता बोलेल. आता बोलेल.

बोलला नाही.

मला हसकेल म्हणाला, "जयसिंग, त्या घडीला माजी भीती गेली. कुटं गेली म्हाईत न्हाई. नुसता राग राहिला." त्या रागात त्यानं गाडी पुन्हा गिअरमध्ये घातली. घराच्या बाजूनं, प्रार्थनेच्या घराला वळसा घालून, भिंतीकडेनं गवतातनं तो गाडी पुढं नेत राहिला. कब्रस्तानाचं दार आलं, मागं पडलं. गाडी डचमळत होती. मागचं वजन डचमळत होतं. भिंतीचा कोपरा आला. पुढं तीन हातांवर, गाडीच्या उजेडात, मिल्काचा दगड.

त्यानं गाडी बंद केली. उजेड गेला.

"ही मिल्का," हसकेल म्हणाला. "वळखतोस का?"

काळोख. धुकं. पाण्यावर कुठंतरी बगळा ओरडला असेल, नसेल.

"तवा तासभर मागितला व्हता. दिला न्हाईस. आता बस. हितं बस. हिच्याजवळ." त्याचा आवाज फाटला. "किती येळ... ते मी सांगणार न्हाई."

काही झालं नाही.

मग गाडीची स्प्रिंग करकरली. गाडी वर झाली. हळू. आधी थोडी... मग पूर्ण.

गवत वाजलं. एक पाऊल. घासलं. एक पाऊल. घासलं. त्याच्या डाव्या हाताशेजारून गेलं. पुढं गेलं. थांबलं. म्हातारा माणूस भुईवर बसताना गुडघे वाजतात ना, तसे वाजले. एक. दुसरा.

मग काहीच नाही.

हसकेलनं गाडी तिथंच टाकली. चालत घराकडं आला. पळाला नाही. कडी काढली, आत गेला, काळोखात हातांनी चाचपून नथूची घोंगडी शोधली आणि आपल्या जागी बसला. समोर चटई होती. चटईवर चादर होती. चादरीखाली काय होतं, होतं का नव्हतं... हात लांब केला असता तर कळलं असतं. त्यानं हात घोंगडीत घेतला. आणि मग, पहिल्यांदा, पाठ असलेली स्तोत्रं म्हणायला लागला. कुणासाठी म्हणत होता त्याला विचारलं मी. म्हणाला, "मिल्कासाठी. त्या येळी र्‍हायली व्हती."

उजाडलं तेव्हा चादरीखाली मुकादम होता. नाक तसंच वर आलेलं.

नथू चहा घेऊन आला. "रेडी झाली," म्हणाला. मग जरा थांबून, "राती गाडीचा आवाज आला तुझ्या. गेलतास व्हय कुटं?"

"जाऊन आलो," हसकेल म्हणाला. नथूनं चहा ओतला. शनिवारभर दोघं आळीपाळीनं बसले. त्या रात्रीही हसकेल बसला. दिवा होता, तारे निघाल्यावर नवा लावलेला. काही झालं नाही.

रविवारी पहाटे पुण्याची गाडी आली. नऊ जण उतरले. मयताला आंघोळ घालायची असते, सांगितलेल्या क्रमानं, कोमट पाण्यानं. हसकेल डोक्याकडं उभा राहिला. मुद्दाम. पायाकडं दोघं होते. चादर काढली, तेव्हा त्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं हसकेलकडं पाहिलं. मग दोघांनी पायांवर पाणी ओतलं आणि कफनाचं कापड लवकर खाली ओढून घेतलं.

भिंतीच्या आत, आजीच्या ओळीत मुकादमाला पुरलं. दहा जणांनी प्रार्थना म्हटली. हसकेलनंही म्हटली, आमेनच्या जागी आमेन म्हटलं.

सगळं झाल्यावर बेंजामिन त्याच्याजवळ आले. मुकादमाच्या कमरेची किल्ली त्यांच्या हातात होती. ती त्यांनी हसकेलच्या हातात दिली. "आता तूच बघ बाबा. आणि एक... ही भिंत आपण एवढ्या बाजूची पाडू. मिल्काला आत घेऊन पुन्हा बांधू. आमच्याकडून तेव्हाच व्हायला पाहिजे होतं. आम्ही कुणी बोललो नाही त्यांच्यापुढं."

साडेपाच वर्षं हसकेलनं हे शब्द ऐकायची वाट पाहिली होती. सिपोरा तिथं उभी होती, तिनं त्याच्याकडं पाहिलं.

हसकेल म्हणाला, "आत्ता नको."

"मग कधी?"

"सांगीन मी."

सिपोरा त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. बेंजामिननाही कळलं नाही हा असं का म्हणाला. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. महिन्यानं, तिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला जायच्या आदल्या रात्री, कंपनीच्या कँटीनमध्ये दुसऱ्या पाळीला त्यानं मला हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "उद्या माज्यासंगं येशील? उजाडताना. मला एकट्याला जाववत न्हाई."

गेलो. अकरा फेब्रुवारी. सहा वाजून गेले होते, पूर्वेकडं जरा फटफटलं होतं. प्रार्थनेच्या घराला वळसा घालून आम्ही भिंतीकडेनं चालत गेलो. माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. दव इतकं पडलं होतं की सगळं माळरान पांढरं दिसत होतं. भिंतीचे दगड ओले. मिल्काचा दगड ओला, त्याच्यावरून थेंब ओघळत होते.

हसकेल चार पावलं अलीकडंच थांबला. पुढं आला नाही. त्यानं नुसतं बोट दाखवलं.

मिल्काच्या उशाशी, हातभर अंतरावर, गवत दबलेलं होतं. फार नाही. एक माणूस मांडी घालून बसतो, तेवढं. मी वाकलो. आधी वाटलं जनावर बसून गेलं असेल. तळहात टेकवला. मग बाजूच्या गवतात टेकवला, तो चिंब झाला. पुसला, आणि पुन्हा तिथं टेकवला.

कोरडं.

त्यानंतर मी तिथं चार वेळा जाऊन आलोय. परवाच्या सोमवारीही गेलो होतो. दव सगळीकडं पडलं होतं. तेवढीच जागा कोरडी होती.